बिअरची समीक्षा: शब्द आणि अंक

आस्वादाचे मूल्यमापन अंकांत करता येते काय, हा प्रश्न साहित्याच्या शिक्षकाला दर परीक्षेत छळतो. त्याचा एक बोलका दाखला साहित्याबाहेर, बिअरच्या इतिहासात सापडतो.

१९७७ साली मायकेल जॅक्सन या इंग्रज पत्रकाराचा 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. (प्रख्यात गायकाशी त्याचे केवळ नामसाधर्म्य.) वाइनच्या वर्णनाला तोवर समृद्ध परिभाषा लाभली होती, बिअर मात्र बहुतेकांच्या लेखी कष्टकऱ्यांची तहान भागवणारे पेय एवढीच होती. जॅक्सनने तिची देशवार व प्रकारवार मांडणी केली. १८४२ मध्ये बोहेमियातील पिल्झेन येथे जन्मलेली सोनेरी पिल्सनर, लंडनची काळसर पोर्टर, मठांत तयार होणारी बेल्जियमची ट्रॅपिस्ट, अशी एकेकीची ओळख त्याने करून दिली. माल्टचा खरपूसपणा, हॉप्सचा कडवटपणा, यीस्टमुळे येणारा फळांसारखा गंध यांना शब्द मिळाले. नाव मिळाले की वेगळेपण जाणवू लागते. वाङ्मयप्रकारांच्या बाबतीत आपला अनुभव याहून निराळा आहे काय? पुढे १९८२ च्या छोटेखानी मार्गदर्शिकेत त्याने एक ते चार ताऱ्यांची श्रेणीही दिली. तथापि तारे तेथे वर्णनाच्या सोबतीला होते.

२००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'रेटबिअर' या संकेतस्थळाने समीक्षकाचा हा अधिकार सामान्य रसिकाच्या हाती दिला. गंधाला १०, रूपाला ५, चवीला १०, जिभेवरच्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला २०, असे ५० गुण. सभासद टिपणेही मनापासून लिहीत; परंतु संकेतस्थळाबाहेर पोहोचला तो क्रमांक.

२००५ मध्ये या क्रमवारीत पहिली आली पश्चिम फ्लँडर्समधील सेंट सिक्स्टस मठाची 'वेस्टव्लेटरेन १२'. गडद तपकिरी, सुमारे १० टक्के मद्यार्काची ही बिअर मठाच्या दारातच विकली जाई. तेव्हा बाटलीवर लेबलही नसे. बातमी पसरली, मोटारींच्या रांगा लागल्या, साठा संपला. एखाद्या कारखानदाराने उत्पादन दुप्पट केले असते. मठवासीयांनी ते वाढवले नाही, कारण मठाच्या निर्वाहापुरतीच बिअर करावी हा त्यांचा नेम होता. दूरध्वनीवरून नोंदणी आणि खरेदीला मर्यादा, एवढाच बदल त्यांनी स्वीकारला. इमारतीच्या नूतनीकरणासाठी २०१२ मध्ये त्यांनी ती अपवाद म्हणून अमेरिकेच्या बाजारात पाठवली खरी, पण तो अपवादच राहिला.

बिअर तीच होती. बदलली होती ती तिच्याकडे येणाऱ्याची नजर. जॅक्सनचा वाचक चव शोधत येई, क्रमवारीचा वाचक पहिला क्रमांक शोधत आला. 'रेटबिअर' २०१९ मध्ये जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या मालकीचे झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद पडले. सामान्य रसिकांनी कष्टाने उभी केलेली ती क्रमवारी संपली. मठातले काम आपल्या गतीने चालूच राहिले.

उत्तरपत्रिकेवर गुण देणे आपल्याला टळत नाही. परंतु गुणांशेजारी दोन ओळींचा अभिप्राय लिहिण्याचा कंटाळा येईल, तेव्हा हा इतिहास आठवावा. विद्यार्थ्याला पुढचे पान वाचायला शिकवतात त्या ओळी. आकडा त्याला फक्त रांगेतली त्याची जागा सांगतो.