न्यायदेवाचा तुटका हात : टीर या दैवताचे अर्थांतर

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडूने एका कल्पित पात्राची भूमिका घ्यावयाची, एकाने सूत्रधार व्हावयाचे आणि संवाद व फासे यांच्या साहाय्याने कथा पुढे न्यावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. या खेळासाठी एड ग्रीनवुड या कॅनेडियन लेखकाने रचलेले ‘फरगॉटन रिअल्म्स’ हे विश्व १९८७ साली प्रकाशित झाले. त्या विश्वातील न्यायाचा देव म्हणजे टीर. तो अंध असून त्याला उजवा हात नाही. युद्धाच्या हातोड्यावर तोललेला तराजू हे त्याचे चिन्ह होय. दिलेला शब्द व प्रतिष्ठा प्राणापलीकडे जपणारे योद्धे त्याचे भक्त असतात.

हे दैवत सर्वस्वी नवनिर्मित नाही. त्याचे नाव आणि त्याचा तुटका हात ही दोन्ही प्राचीन नॉर्स पुराणकथांतून आलेली आहेत. न्याय मात्र त्या कथांतून तसाच आलेला दिसत नाही. तो त्याला कसा चिकटला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

तेराव्या शतकातील आइसलँडचा पंडित स्नोरी स्टुर्लुसन याच्या गद्य ‘एड्डा’त ही कथा सविस्तर येते. फेन्रिर हा लांडगा अनावर होऊ लागल्याने देवांनी त्याला बांधण्याचे ठरविले. दोन शृंखला त्याने तोडल्या. तिसरे बंधन रेशमी फितीसारखे मऊ होते, म्हणूनच त्याला संशय आला. बंध तुटला नाही तर सोडून देऊ, या देवांच्या वचनाला तारण म्हणून कोणीतरी आपला हात माझ्या जबड्यात ठेवावा, अशी अट त्याने घातली. टीरखेरीज कोणी पुढे झाला नाही. लांडगा जखडला गेला, देवांनी वचन पाळले नाही आणि टीरचा हात गेला. म्हणजे हा हात वचनभंगामुळे जप्त झालेले तारण आहे. करार मोडला तो देवांनी; लांडग्याने केवळ अट वसूल केली. टीर हा माणसांत समेट घडविणारा मानला जात नाही, असेही स्नोरी नमूद करतो. तंटे मिटविण्याचे काम त्याच्या ग्रंथात फोर्सेटी या निराळ्या देवाकडे आहे.

नावातूनही न्यायाचा बोध होत नाही. टीर हे नाव संस्कृत ‘देव’ व लॅटिन ‘देउस’ या शब्दांचे सगोत्र आहे. त्याचा मूळ अर्थ ‘देव’ एवढाच. न्यायाचा धागा प्रथम सापडतो तो रोमन जगात. लॅटिनमधील मंगळाच्या वाराला जर्मानिक भाषकांनी टीरचे नाव दिले. इंग्रजीतील ‘ट्यूसडे’ हा त्याचाच अवशेष होय. मराठीतील मंगळवारही त्याच ग्रहाचा वार आहे. पुढे १८८३ साली ब्रिटनमधील हेड्रियनच्या भिंतीजवळ, हाउसस्टेड्स येथे, रोमन सैन्यातील जर्मानिक सैनिकांनी ‘मार्स थिंग्सुस’ या देवाला अर्पण केलेला तिसऱ्या शतकातील लेख उजेडात आला. ‘थिंग’ म्हणजे निवाडे करणारी लोकसभा. मार्स म्हणजे टीर हे समीकरण आधीच रूढ असल्याने टीर हा सभेचा, पर्यायाने न्यायाचा देव होय, असे अनुमान अनेकांनी केले. १९४० साली जॉर्ज द्युमेझिल या फ्रेंच विद्वानाने ‘मित्र-वरुण’ या ग्रंथात एकाक्ष ओडिन व एकहस्त टीर यांची तुलना वैदिक वरुण व मित्र यांच्याशी केली आणि टीरचे नाते विधी व करार यांच्याशी जोडले.

अशा रीतीने विद्वानांच्या एका अनुमानाला खेळाने साक्षात देवत्व दिले. त्यात रोमन न्यायदेवतेचा तराजू मिसळला. तिच्या डोळ्यांवरील पट्टी युरोपीय चित्रकलेत पंधराव्या शतकाच्या अखेरीस, प्रथम उपहासाने, आली. खेळातील टीरचे अंधत्व त्या पट्टीची आठवण करून देते. त्याचे ‘समहस्त’ हे बिरुद तर शब्दच्छलाचा नमुना आहे. इंग्रजीत त्याचा रूढ अर्थ निःपक्षपाती. पण ते लावले आहे एकाच हाताच्या देवाला.

२०१४ साली निघालेल्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात हे अर्थांतर एकत्र पाहावयास मिळते. फरगॉटन रिअल्म्सच्या सूचीत टीर हा न्यायाचा देव आहे. त्याच पुस्तकातील नॉर्स देवतांच्या सूचीत तो धैर्य व युद्धनीती यांचा देव असून न्याय फोर्सेटीकडे आहे.

तथापि नवा अर्थ स्वीकारताना जुन्या कथेतील पेच विसरला जाऊ नये. समूहाच्या रक्षणासाठी देवांनी शब्द मोडला, आणि ज्याने तो मोडला जाणार हे ओळखूनही हात पुढे केला त्याने त्याची किंमत चुकविली. अशा पुरुषाला न्यायी म्हणावे की केवळ धीट, याचा निर्णय ‘एड्डा’ देत नाही. तराजूचे चिन्ह तो निर्णय परस्पर देऊन टाकते. टीरच्या नावाने शपथ घेणारे पात्र रंगविणाऱ्या खेळाडूपुढे मात्र तो प्रश्न प्रत्येक वचनाच्या वेळी पुन्हा उभा राहू शकतो.