उठा, भिंगार आलं!

आम्हा भिंगारकरांचा आणि समुद्राचा तसा काही संबंध नाही. टँकर म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे चार चाकांचाच येतो. पण प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याबद्दल बोलायचा आम्हाला पुरेपूर अधिकार आहे. पाथर्डीची एस.टी. नगरच्या स्टँडातून बाहेर पडते न पडते तोच मी पिशव्या घेऊन दारापाशी उभा!

"अहो, बसा जरा. तुम्ही उभे राहिलात म्हणून गाडी लवकर पोचणार आहे का?" इति सौ.

दिलीप दोंद्यांना हे सांगायला बरोबर कोणी नव्हतं. नौदलातले हे गृहस्थ १९ ऑगस्ट २००९ रोजी 'म्हादेई' नावाची ५६ फुटी शिडाची होडी घेऊन मुंबईहून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. होडी गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. मूळ कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहिले. म्हणजे समुद्रापासून आमच्याइतकेच लांब! फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार थांबे घेऊन दोंदे मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

आपल्याला वाटतं, केप हॉर्नच्या लाटा ओलांडल्या, आता काय, घर आलंच! पण तसं नसतं. विषुववृत्तापाशी वारा पडतो. शिडाच्या होडीला धक्का मारता येत नाही आणि दारापाशी उभं राहूनही भागत नाही. बरं, किनारा जवळ आला की जहाजं, मासेमारी होड्या आणि जाळी यांची गर्दी. एकट्या माणसाची झोप भर समुद्रात उडत नसेल तेवढी घराच्या उंबऱ्याशी उडते.

आमच्या भिंगारलाही एक लांबचा प्रवासी येऊन थांबला होता. १६८१ मध्ये दक्षिणेत उतरलेला औरंगजेब १७०६ च्या जानेवारीत नगरला आला आणि ३ मार्च १७०७ रोजी इथेच, भिंगारला, वारला. बरोबर फौज होती, हत्ती होते, खजिना होता. दिल्ली तेवढी पुन्हा दिसली नाही. दक्खन जिंकायला निघालेला वाटेतच राहिला आणि जगाला नुसती प्रदक्षिणा घालणारा सुखरूप घरी पोचला. जिंकण्यापेक्षा परतणं अवघड, एवढं मला या दोघांनी शिकवलं.

हे ज्ञान मी लगेच आचरणात आणलं. परवा नगरहून येताना बाकावरून हललो नाही. डोळे मिटून महासागराचा विचार करत बसलो. डोळे उघडले तेव्हा भिंगार मागे पडलं होतं आणि कंडक्टर माझ्याकडे, बुडत्या जहाजाकडे पाहावं तसा पाहत होता.

उन्हातून चालत मागे आलो. थांब्यावर सौ. दोन्ही पिशव्या घेऊन उभी होती. ती वेळेवर उतरली होती.

"पोचलात?" एवढंच म्हणाली.

औरंगजेबाला हे विचारणारं कोणी नव्हतं.