पडद्यामागची यजमानीण

लग्नघरात सगळ्यांच्या नजरा नवरा-नवरीकडे लागलेल्या असतात. वऱ्हाडी पोटभर वरण-बट्टी खातात, आचाऱ्याची तारीफ करतात आणि आपापल्या गाडीला लागतात. रात्री सगळे झोपले, की ओसरीवर एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. किराणा किती झाला, मंडपवाल्याचे किती द्यायचे, कोण रुसून गेले, या सगळ्याचा हिशेब त्याच्याकडे. चित्रपटात या माणसाला निर्माता म्हणतात. नट आपल्याला तोंडपाठ असतात, दिग्दर्शकही थोडेफार ठाऊक असतात, पण निर्मात्याचे नाव पाटीवर येते तेव्हा आपण अजून खुर्ची शोधत असतो. आज बोलायचे आहे ते अशाच एका यजमानिणीविषयी. तिचे नाव स्मिता तळवलकर.

स्मिता म्हटले, की आपल्या खानदेशात आधी स्मिता पाटील आठवतात. साहजिकच आहे. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील हे शिरपूरचे. योगायोग असा, की या दोन्ही स्मिता मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचता वाचता लोकांच्या ओळखीच्या झाल्या. मुंबईचे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. स्मिता पाटील यांना श्याम बेनेगल यांनी तिथून चित्रपटात नेले आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या ३१व्या वर्षी त्या गेल्या. तळवलकर यांची चाल मात्र संथ होती. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९५४चा. लग्न लवकर झालेले, घरसंसार सांभाळून त्यांनी सुमारे १७ वर्षे बातम्या वाचल्या. १९८६च्या सुमारास त्या चित्रपटांत कामे करू लागल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘कळत नकळत’ची निर्मिती केली.

त्या वेळचा मराठी चित्रपट डोळ्यांपुढे आणा. १९८८ मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ आला होता आणि विनोदी चित्रपटांची चलती होती. पुढे १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ आला आणि बायाबापड्या पदराने डोळे पुसत बाहेर पडू लागल्या. हसवा नाहीतर रडवा, असा बाजार होता. अशा बाजारात या बाईंनी विषय निवडला तो सुशिक्षित घरातल्या नवऱ्याचा. तो दुसऱ्या स्त्रीत गुंततो, आणि बायको व मुले यांचे काय होते, एवढीच गोष्ट. खलनायक नाही, मारामारी नाही. दिग्दर्शन कांचन नायक यांचे. विक्रम गोखले, सविता प्रभुणे आणि अश्विनी भावे यांची प्रमुख कामे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि यातल्या गाण्यासाठी अनुराधा पौडवाल यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इथे एक गंमत लक्षात घ्या. १९९३ मध्ये ‘सवत माझी लाडकी’ आला. या वेळी दिग्दर्शन स्वतः तळवलकर यांचेच. विषय पुन्हा तोच, उतारवयाकडे झुकलेल्या नवऱ्याचे मन तरुण मुलीवर जाते. पण या खेपेला बायको रडत बसत नाही, शहाणपणाने आणि थट्टेने घर सावरते. आणि २००२च्या सुमारास अल्फा मराठीवर ‘अवंतिका’ ही मालिका सुरू झाली. मृणाल देव-कुलकर्णी यांची नायिका फसवणुकीनंतर स्वतःच्या पायावर उभी राहते. एक गंभीर चित्रपट, एक विनोदी चित्रपट आणि एक मालिका. लेखक वेगळे, नट वेगळे, पण प्रश्न एकच, की विश्वास मोडला तर बाईने काय करायचे? उत्तर दर वेळी थोडे पुढे सरकलेले. म्हणूनच मी म्हणतो, निर्माता म्हणजे नुसती पैशाची थैली नव्हे. कोणती गोष्ट सांगायची हे आधी तोच ठरवतो.

पैशाचे गणितही समजून घेऊ. चित्रपटात सगळी रक्कम आधी घालावी लागते आणि तिकीटबारीवर ती परत येईलच असे नाही. मालिकेत भागागणिक पैसे येतात, कलाकार-तंत्रज्ञांना वर्षभर काम राहते. तळवलकर यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवले, आणि ते जमवलेही. ‘अस्मिता चित्र’ या त्यांच्या संस्थेने सहा चित्रपट केले आणि सुमारे २५ मालिका. ना. सं. इनामदारांच्या कादंबरीवरची ‘राऊ’ त्यांचीच, ‘ऊन पाऊस’ही त्यांचीच. सगळ्या मालिका सारख्या तोलाच्या होत्या असे नाही. रोज भाग द्यायचा म्हटले की गोष्टीत पाणी घालावे लागते, हे कोणालाच चुकलेले नाही. पण याच कामामुळे संस्था उभी राहिली आणि ‘तू तिथे मी’सारखा चित्रपट होऊ शकला. म्हातारपणी मुलांनी आई एकीकडे, वडील दुसरीकडे अशी वाटणी केलेल्या जोडप्याची ही गोष्ट. मोहन जोशी, सुहास जोशी आणि दिग्दर्शक संजय सूरकर. १९९८च्या या चित्रपटालाही मराठीतला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सूरकरांनीच १९९१चा ‘चौकट राजा’ केला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू कोण विसरेल! अपघाताने बुद्धीची वाढ थांबलेला हा मुलगा, आणि त्याची बालमैत्रीण झालेल्या स्वतः तळवलकर. आमच्या जळगावच्या जुन्या गल्लीत असाच एक मुलगा होता. पाहुणे आले की त्याला मागच्या खोलीत बसवत. कोणी वाईट नव्हते, लाज वाटायची एवढेच. हा चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा शेजारच्या घरात सगळी गल्ली जमली होती. त्याची आई दारातच उभी राहून पाहत होती. पुढे केव्हातरी तो संध्याकाळी ओट्यावर बसलेला दिसू लागला. चित्रपटामुळेच तसे झाले असे मी म्हणणार नाही. पण त्या रात्रीनंतर गल्लीतली पोरे त्याला नंदू म्हणू लागली, आणि त्यात टिंगल नव्हती.

६ ऑगस्ट २०१४ रोजी कर्करोगाने स्मिता तळवलकर यांचे निधन झाले. साठी पुरी व्हायला महिना उरला होता.

आज जळगाव-धुळ्याची पोरे मोबाइलवर अहिराणी गाणी चित्रित करतात, ती लाखो लोक पाहतात. आपल्याकडे गळा आहे, नट आहेत, भाषा तर काळ्या मातीतल्या वांग्यासारखी चवदार आहे. कमी आहे ती यजमानाची. आपल्या घरातला कोणता प्रश्न सांगायचा हे आधी ठरवणारा, त्यासाठी पदरचे घालणारा आणि एकदा फसला तरी दुसरी गोष्ट हाती घेणारा माणूस हवा. बातम्या वाचणारी एक गृहिणी हे करू शकली. मग आपल्यातले कोणी का करू नये?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)