राजाच्या नावाआड

एस्तेरच्या ग्रंथात राजाचा उल्लेख पानोपानी येतो; देवाचे नाव मात्र मूळ हिब्रू पाठात एकदाही येत नाही. शूशनचा राजवाडा, ज्यूंच्या संहाराचा हामानने रचलेला कट आणि जिवावर उदार होऊन एस्तेर राणीने अहश्वेरोश राजाकडे केलेली रदबदली वाचकांना परिचित आहेच. परंतु देवाचे नावच नसलेला ग्रंथ पवित्र शास्त्रात कसा, हा वाद प्राचीन रब्बींमध्येही झाला. तालमूदमध्ये तो नोंदलेला आहे.

त्यांनी शोधलेले उत्तर आम्हांला विलक्षण वाटते. अनुवादाच्या ग्रंथात (३१:१८) देव आपले मुख लपविण्याविषयी बोलतो. तेथील 'आस्तीर' हे हिब्रू क्रियापद रब्बींना एस्तेरच्या नावात ऐकू आले. म्हणजे लपणे हाच या कथेतील देवाचा वावर! मिद्राश तर सांगते की, जेथे 'अहश्वेरोश राजा' असे शब्द आहेत तेथे तोच समजावा. पण नुसते 'राजा' असेल तेथे परमेश्वरही सूचित होऊ शकतो. एके रात्री राजाला झोप येईना, म्हणून दप्तर वाचविले गेले आणि मर्दखयची विस्मृत सेवा उजेडात आली. त्या रात्री झोप उडाली ती विश्वाच्या राजाची, असे रब्बी तनहूम म्हणतात.

अदार महिन्याच्या १४ तारखेला पुरीम सणात हाच ग्रंथ सभास्थानात वाचतात. हामानचे नाव येताच मुले खुळखुळे वाजवून ते बुडवून टाकतात. गरिबांना दान देतात. (आपल्या कोकणातील बेने इस्रायल पूर्वी याला 'होळीचा सण' म्हणत.)

आपल्या कॅथोलिक बायबलात मर्दखय व एस्तेर यांच्या आर्त प्रार्थना आहेत. त्या ग्रीक पाठातल्या. संत जेरोमने हे अधिक भाग ग्रंथाच्या शेवटी ठेवले. १५४६ साली त्रेंतच्या परिषदेने ग्रंथ सर्व भागांसह प्रमाण मानला. ग्रीकभाषक ज्यूंनाही ते मौन सोसवले नसावे, असे आम्हांला वाटते. त्या प्रार्थना आम्हांला प्रिय आहेत. तरीही हिब्रू पाठातील शांतता अधिक अस्वस्थ करते.

हिटलरच्या राजवटीत सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. तेथे कोणी एस्तेर दरबारात पोहोचली नाही. रब्बी एलिएझर बेर्कोविट्स यांनी १९७३ साली त्या संहारानंतरच्या श्रद्धेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी पुन्हा देवाच्या लपलेल्या मुखाचाच विचार मांडला. माणूस स्वतंत्र राहावा म्हणून देव लपतो, असे ते म्हणतात. मग त्या स्वातंत्र्याचे माणसाने काय केले, हा प्रश्न युरोपातील ख्रिस्ती घरांनाही विचारावा लागतो.