साहाय्यित रोजगार (मानसिक आजार)

साहाय्यित रोजगार ही तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना खुल्या बाजारातील, प्रचलित वेतनाची नोकरी मिळवण्यास आणि टिकवण्यास मदत करणारी सेवा आहे. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार व तीव्र नैराश्य असलेल्या व्यक्ती प्रामुख्याने तिचा लाभ घेतात. ‘आधी नोकरी, मग प्रशिक्षण’ हे या सेवेचे मूलतत्त्व होय. तिच्या सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या प्रारूपाला ‘इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट’ असे नाव आहे.

पार्श्वभूमी

पूर्वीच्या पुनर्वसनात हा क्रम उलट असे. रुग्णाला संरक्षित कार्यशाळेत हस्तव्यवसाय शिकवला जाई आणि तो ‘तयार’ झाल्यावर बाहेर काम शोधावे, अशी अपेक्षा असे. अनेकांच्या बाबतीत ती वेळ कधी आलीच नाही. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली स्थापन झालेल्या ‘फाउंटन हाउस’ने सदस्यांना बाहेरील आस्थापनांत तात्पुरती कामे मिळवून देण्याची प्रथा पाडली. अमेरिकेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी साहाय्यित रोजगाराचे प्रयोग झाले आणि १९८६च्या कायदादुरुस्तीने त्याला मान्यता मिळाली. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी डेबोरा बेकर व रॉबर्ट ड्रेक यांनी न्यू हॅम्पशायर राज्यात हे तत्त्व मानसिक आजारांसाठी विकसित केले.

कार्यपद्धती

सेवेसाठी एकच पात्रता लागते, ती म्हणजे काम करण्याची इच्छा. आजाराची तीव्रता, पूर्वीचे रुग्णालयवास किंवा नोकरीतील खंड यांवरून कोणालाही वगळले जात नाही. रोजगार साहाय्यक हा उपचार करणाऱ्या पथकाचाच सदस्य असतो आणि एका वेळी वीसपेक्षा अधिक व्यक्तींची जबाबदारी घेत नाही. साधारणपणे महिनाभरातच मालकांशी संपर्क सुरू होतो. काम व्यक्तीच्या आवडीनुसार शोधले जाते. पगारामुळे शासकीय भत्त्यावर होणारा परिणाम आधीच समजावून सांगितला जातो. नोकरी लागल्यावरही मदतीला ठरावीक मुदत नसते.

आजाराची माहिती मालकाला द्यावी की नाही, हा निर्णय संबंधित व्यक्तीचा असतो. माहिती दिल्यास कामाच्या वेळा किंवा स्वरूप यांत सवलत मागता येते. न दिल्यास साहाय्यक पडद्याआड राहून मदत करतो.

परिणामकारकता

लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगेन व सोफिया या सहा शहरांतील ३१२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी ५५ टक्के, तर नेहमीच्या व्यावसायिक पुनर्वसनातील २८ टक्के व्यक्तींनी किमान एक दिवस खुल्या बाजारात काम केले. मात्र नोकरी मिळण्यापेक्षा ती दीर्घकाळ टिकवणे कठीण असते, ही मर्यादाही अभ्यासकांनी नोंदवली आहे.

भारतातील स्थिती

१९९५च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने मानसिक आजाराला अपंगत्व मानले. पण शासकीय नोकऱ्यांतील तीन टक्के आरक्षणात त्याचा समावेश केला नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ने ही उणीव दूर केली. आता एकूण चार टक्क्यांपैकी एक टक्का आरक्षण मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व यांसाठी मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. खासगी क्षेत्राला असे आरक्षण बंधनकारक नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने त्या कारणावरून काढू नये किंवा पदावनत करू नये, असे कलम २० सांगते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मानसिक दिव्यांगत्वाशी संबंधित वर्तनावरून केलेली शिस्तभंगाची कारवाई अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकते, असा निर्णय दिला.

चेन्नई येथील स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन (स्थापना १९८४) आणि बंगळुरू येथील निम्हान्स या संस्था व्यावसायिक पुनर्वसनाचे काम करतात. तथापि आरक्षणासाठी प्रमाणपत्र दाखवणे म्हणजे आजार उघड करणे होय. त्यामुळे कलंकाच्या भीतीने अनेक कुटुंबे या हक्कापासून दूर राहतात.