सहलीचा पहिला दिवस : मलिक अंबरची नहर

तुळजापूर, धाराशिव, बीड करीत आणि शहागडला गोदामाईला हात जोडून आम्ही मंडळाच्या भगिनी दुपारी छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, पोचलो. कालव्याचे शहर म्हटले की व्हेनिसची चित्रे डोळ्यांपुढे येतात. आमच्यातील एकीने तर नावेचे भाडे किती पडेल याचीही चौकशी केली! परंतु येथील कालवा दिसतच नाही. तो जमिनीखालून जातो व त्यास ‘नहर’ म्हणतात. बिबीचा मकबरा पाहावयास सारेच जातात. आम्ही पहिला दिवस या नहरीस दिला.

ही नहर बांधविणारा मलिक अंबर मूळचा आजच्या इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती फिरत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर एवढा राग, की अंबरच्या तुटलेल्या शिरावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. ते शिर चित्रातच राहिले. अंबर १६२६ मध्ये वृद्ध होऊन वारला.

१६१० च्या सुमारास त्याने खडकी या गावी राजधानी वसविली. त्याच्या फौजेत मराठे सरदार पुष्कळ होते. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावे त्यांच्यावरूनच पडली असे सांगतात. पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाने गावास आपले नाव दिले, आणि २०२३ मध्ये तेही बदलले. नावे बदलली तरी तहान तीच. राजधानी म्हटली की फौज, जनावरे, बायकामुले आली. खाम नदीवर एवढ्यांचे भागणे कठीण. तेव्हा अंबरने उत्तरेच्या डोंगराकडे पाहिले.

तेथे जमिनीत मुरलेले पाणी खोल बांधीव नळात झिरपू द्यायचे व उताराने शहराकडे आणायचे, ही त्याची युक्ती. उन्हाने पाणी आटत नाही. साफसफाईसाठी व हवा खेळावी म्हणून मध्ये मध्ये विहिरीसारखी तोंडे ठेवलेली. मोट नाही, रहाट नाही, सारे काम उताराचे! मागाहून अशा आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातील थत्ते हौद अशाच एका नहरीवरचा.

या विद्येचे नवल पाहावे तर पाणचक्कीवर. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की. तिची नहर निराळी, पण रीत तीच. खापरी नळांतून आलेले पाणी उंच भिंतीत चढते आणि वरून हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर खाली जाते फिरते. वाकड्या नळीत पाणी दोन्हीकडे एकाच पातळीस येते, एवढेच त्यातले गुपित. दळण फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी असे. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या आपल्या आज्या आठवून आम्ही त्या दगडी पाळीकडे बराच वेळ पाहत राहिलो. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. बाहेर ऊन रणरणत असता आत गारवा.

पण पाऊस कमी पडला की ही धारही रोडावते. नहरींवर वस्ती चढली, नळ फुटले, कित्येक तोंडे बुजली. शहराला आता पाणी येते ते जायकवाडीचे, विजेच्या पंपांनी चढविलेले, आणि तेही कित्येक दिवसांआड. उजनीच्या पाण्याची वाट पाहत घरातले प्रत्येक पिंप, हंडा, कळशी भरून ठेवणाऱ्या आम्हां सोलापूरकरणींना हे कोणी समजावून सांगावयास नको! सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात खणविलेला आपला तलाव डोळ्यांसमोर आहे, म्हणून निदान त्याची आठवण तरी राहते. जमिनीखालच्या नहरीची दुरवस्था कोणास दिसावी? मला तर वाटते, मकबऱ्याची जेवढी निगा ठेवतात त्याच्या निम्मी जरी या नळांची ठेवली असती, तरी काही पुऱ्यांचे पाणी आजही चालू राहिले असते.

संध्याकाळी अंबरनेच १६१२ मध्ये बांधलेल्या भडकल दरवाजावरून मुक्कामी परतलो. दुसऱ्या दिवशी वेरूळ होते. वाटेत खुलताबाद लागते. मलिक अंबरची कबर तेथे आहे.