चौकोन, बाण आणि रुग्णाची फाईल

प्रवाह-आकृती शिकवताना आपण चहाचे उदाहरण देतो. पाणी उकळले? 'हो' असेल तर पुढच्या चौकोनात. ही चित्रभाषा संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे 'प्रोसेस चार्ट' मांडले. फ्रँक मूळचा गवंडी; वीट रचण्यातल्या अनावश्यक हालचाली त्याने मोजून काढून टाकल्या होत्या. १९४७ मध्ये गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांनी संगणकाच्या आज्ञावलीसाठी अशा आकृत्या वापरल्या. पुढे कचेऱ्यांचे कामही याच साच्यात बसवले गेले.

विटेचे ठीक आहे. एक वीट दुसरीसारखीच असते. रुग्ण तसा नसतो. तापाच्या रुग्णाची पुढची तपासणी कोणती, हे आधीच्या तपासणीत काय सापडले यावर ठरते. सगळ्या शक्यतांचे बाण काढावेत तर कागदावर कोळ्याचे जाळे होते. न काढावेत तर समोर दिसत असूनही डॉक्टरला चौकटीबाहेर पाऊल टाकता येत नाही. आमच्या मते खरा धोका हा दुसरा.

२००५ मध्ये विल व्हान डर आल्स्ट व सहकाऱ्यांनी 'केस हँडलिंग'ची कल्पना मांडली. केंद्रस्थानी कामांचा क्रम नव्हे, तर प्रकरणाची सगळी माहिती. २०१४ साली त्यासाठी 'सीएमएमएन' ही चिन्हपद्धती आली. कोणती अट पुरी झाली की कोणते काम खुले होते, एवढेच ती सांगते. काही कामे करायची की नाही हे जाणकारावरच सोडते. तिचा प्रसार मात्र बेताचाच झाला.

विम्याच्या दाव्यात तर दोन्ही लागतात: पैसे देण्याच्या पायऱ्या ठरलेल्या, अपघाताच्या चौकशीच्या नाहीत.